स्लॅबखालून उघडा धातूचा पाइप टाकून दिव्यांचे वायरिंग : आखणी, अर्थिंग आणि रंग

छताकडे_डोळे

नमस्कार. आमच्या बैठकीच्या खोलीत मधोमध एकच दिवा आहे आणि त्याच्या उजेडात भिंतीलगत वाचायला बसले की स्वतःच्याच डोक्याची सावली पानावर पडते. खोली ४.२ मीटर लांब, ३.३ मीटर रुंद आणि २.७ मीटर उंच आहे. फॉल्स सीलिंग केले तर त्यातले पंधरा सेंटिमीटर सहज जातील आणि पंखा डोक्यावर येईल, म्हणून तो विचार सोडून दिला. स्लॅबला झिरी मारून पाइप आत पुरावा असे आधी मनात होते. दोन गवंड्यांनी त्याला स्पष्ट नकार दिला आणि तिसरा लगेच तयार झाला. त्या तिसऱ्याच्या तयारीचीच मला जास्त भीती वाटली.

आता विचार असा आहे की जुन्या दिव्याच्या जागेवरून २० मिलिमीटरचा लोखंडी कंड्युट पाइप (ज्याच्या आतून वायरी जातात ती नळी) स्लॅबखालून उघडाच न्यावा, गोल जंक्शन बॉक्स लावून पाच दिवे घ्यावेत आणि पाइप लपवण्याऐवजी तो नीट दिसेल असाच बसवावा. हे करताना कोणत्या गोष्टी आधी ठरवाव्या लागतात, आणि घरात धातूचा पाइप वापरण्यात काही धोका आहे का, हे अनुभवी सदस्यांनी सांगावे. वायरिंगचे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घेणार आहे, पण त्यांच्यापुढे कोरा कागद घेऊन जायचे नाही.

चेकनट

झिरी मारली नाहीत हे फार चांगले केलेत. स्लॅबच्या तळाच्या सळयांखाली काँक्रीटचे आवरण साधारण २० ते २५ मिलिमीटरच असते. २० मिलिमीटरचा पाइप आणि त्यावर गिलावा बसवायचा म्हणजे झिरी सळईपर्यंत जाणारच, आणि तळाची सळई हीच स्लॅबमधला ताण घेणारी सळई असते. भिंतीतली झिरी आणि स्लॅबमधली झिरी यांत हा मूलभूत फरक आहे.

आता धोक्याबद्दल. धातूच्या पाइपचे सगळे गुण आणि सगळे दोष एकाच गोष्टीतून येतात, ती म्हणजे तो वीज वाहून नेतो. पाइप करवतीने कापला की आतल्या कडेला धारदार कोर उरते. ती रीमरने किंवा गोल कानशीने काढली नाही, तर वायर ओढताना तिच्यावरचे आवरण सोलले जाते, तांबे पाइपला टेकते आणि छताखालचा संपूर्ण पाइप, सगळ्या बॉक्सांसकट आणि दिव्यांच्या धातूच्या घरांसकट, फेजवर येतो, म्हणजे जिवंत तारेला जोडला जातो. दिवे मात्र व्यवस्थित लागत राहतात, त्यामुळे कोणाला काही कळत नाही. कळते ते शिडीवर चढून दिवा पुसणाऱ्याला.

अर्थिंग चांगले असेल तर हाच प्रसंग निराळा घडतो. आवरण सोलल्या क्षणी फेजमधून पाइपमार्गे अर्थमध्ये मोठा प्रवाह जातो आणि एमसीबी, म्हणजे प्रमाणाबाहेर प्रवाह गेला की आपोआप बंद होणारा स्विच, पडतो. पाइप नुसता 'अर्थला जोडलेला' असून भागत नाही, एमसीबी तत्काळ पडेल एवढा प्रवाह जाऊ देण्याइतका त्या वाटेचा रोध कमी असावा लागतो. ६ अँपिअरचा सी प्रकारचा एमसीबी खात्रीने लगेच पडायला त्याच्या दहापट, म्हणजे ६० अँपिअर प्रवाह लागतो. २३० व्होल्टला ६० ने भागले की ३.८ ओम येतात. फेजची जाणारी वाट आणि अर्थची परतीची वाट मिळून एकूण रोध याच्या आतच राहिला पाहिजे. त्याशिवाय ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे थोडासा प्रवाह अर्थकडे गळला तरी वीज तोडणारा स्विच, असावाच. परंतु तो आहे म्हणून अर्थिंगकडे दुर्लक्ष करणे म्हणजे छत्री आहे म्हणून छप्पर न शाकारणे.

पीव्हीसी_पक्ष

एवढा खटाटोप ज्याच्यासाठी करायचा तो धातूच मुळात कशाला हवा? पीव्हीसीचा पाइप घ्यावा, त्याला हवा तो रंग द्यावा. जमिनीवरून पाहणाऱ्याला फरक कळणार नाही. तो गंजत नाही, हाताने स्प्रिंग घालून वाकतो, वजनाला हलका असतो आणि वायर सोलली तरी त्याच्यात करंट उतरत नाही. कारखान्यात वर फोर्कलिफ्टचा धक्का लागतो म्हणून तिथे लोखंड हवे, हे मान्य. बैठकीच्या खोलीत छताला कोण धक्का देणार आहे?

चेकनट

आपला मुद्दा योग्य आहे आणि केवळ सुरक्षिततेचा विचार केला तर घरातल्या कोरड्या खोलीत पीव्हीसी पुरेसा आहे. धातूच्या बाजूने तीन गोष्टी सांगता येतील. उंदीर तो कुरतडू शकत नाही. आत ठिणगी पडली तर तो जळत नाही की धूर सोडत नाही. आणि दोन सॅडलांच्या, म्हणजे पाइप छताला धरून ठेवणाऱ्या पकडींच्या, मध्ये तो झुकत नाही. ही शेवटची गोष्ट उघड्या कामात सर्वांत महत्त्वाची ठरते. पीव्हीसी उष्णतेने लोखंडाच्या पाच-सहापट प्रसरण पावतो, त्यामुळे उन्हाने तापणाऱ्या स्लॅबखाली लांब सरळ तुकडा काही काळाने लाटेसारखा दिसू लागतो. ज्यांना हे चालते त्यांनी पीव्हीसी वापरण्यात कमीपणा काहीच नाही. फक्त पीव्हीसीतही अर्थची वायर ओढायचीच, कारण दिव्यांची घरे धातूचीच असतात.

आडवी_रेघ

मी अंतर्गत सजावटीचे काम करते, त्यामुळे मी दिसण्याच्या बाजूने लिहिते. या कामात बहुतेक चुका पाइप हातात घेण्याच्या आधीच, आखणीत होतात. लपवलेल्या वायरिंगमध्ये पाइप तिरका गेला तरी गिलावा सगळे पोटात घेतो. उघड्या पाइपमध्ये प्रत्येक वळण पाहणाऱ्याला विचारते की मी इथेच का वळलो.

म्हणून आधी दिव्यांच्या जागा ठरवा आणि त्याही माणसे कुठे बसतात ते पाहून ठरवा. खोलीचे समान भाग पाडून ठरवू नका. वाचण्याच्या खुर्चीसाठी दिवा डोक्याच्या बरोबर वर न घेता थोडा पुढे व बाजूला घ्यावा, म्हणजे सावली पानावर पडत नाही. त्यानंतर त्या बिंदूंना जोडणाऱ्या रेघा भिंतींना समांतर ओढा. एक मुख्य रेघ आणि तिच्यातून काटकोनात निघणाऱ्या फांद्या, एवढेच ठेवा. तिरपी रेघ कागदावर लांबी वाचवते, पण छतावर ती कायम चुकून राहिलेली वाटते.

दुसरे म्हणजे पाइपची लांबी सहसा ३ मीटर असते आणि तुमची खोली ४.२ मीटरची आहे. म्हणजे कुठेतरी जोड येणारच. तो जोड कॉलरने, म्हणजे दोन पाइपांवर चढणाऱ्या जोडतुकड्याने, मधेच उघड्यावर घेण्यापेक्षा पहिला बॉक्स भिंतीपासून ३ मीटरच्या आत कुठे येतो ते पाहा आणि जोड बॉक्सातच घ्या. मग पूर्ण छतावर एकही कॉलर दिसत नाही. हे कोणी मुद्दाम पाहत नाही, पण काम नीटनेटके का वाटते याचे उत्तर बहुधा यात असते.

तिसरी गोष्ट सावलीची. दिवा असा निवडला की त्याचा काही उजेड वर जातो, तर पाइपची सावली छतावर जाड काळ्या पट्ट्यासारखी उमटते आणि २० मिलिमीटरचा पाइप हाताएवढा रुंद दिसतो. उजेड फक्त खाली टाकणारे, वरून बंद असलेले दिवे घेतले की हा प्रश्न राहत नाही. काहींना ती सावली आवडते. त्यांनी ती ठरवून घ्यावी, नकळत घेऊ नये.

छताकडे_डोळे

जोड बॉक्सात घेण्याची सूचना फारच उपयोगी आहे. लगेच कागदावर मांडून पाहिले. पहिला बॉक्स भिंतीपासून २.१ मीटरवर येतो, त्यामुळे दोन्ही तुकडे एकाच मापाचे निघतात. आता एक शंका. आमचा स्लॅब सपाट नाही. दोरी धरून पाहिली तर मध्यभागी आणि कडेला मिळून जवळजवळ १२ मिलिमीटरचा फरक आहे. पाइप स्लॅबच्या अंगाने न्यावा की पाणसळीत?

आडवी_रेघ

ज्याच्या शेजारी पाइप आहे त्याच्याशी डोळा तुलना करतो. पाइप भिंत आणि छत यांच्या कोपऱ्याजवळून जात असेल, तर कोपऱ्याशी समांतर ठेवा, मग तो पाणसळीत नसला तरी चालेल. खोलीच्या मधून जात असेल तर सरळ ठेवा आणि फरक सॅडलखालच्या पट्टीने भरून काढा. १२ मिलिमीटरची फट चार मीटरमध्ये विभागली गेली की खालून दिसत नाही. परंतु सरळ पाइप जबरदस्तीने स्लॅबला चिकटवला तर त्यात आलेला पोक संध्याकाळी दिवा लागताच दिसतो. लेझर लेव्हल मिळाली तर उत्तम. नाहीतर रंगाची दोरी ताणून फटकारलेली रेघसुद्धा पुरते.

वाकडी_नळी

सॅडलचा विषय निघाला आहे म्हणून एक बारकावा सांगतो, कारण याच ठिकाणी माझे पहिले काम फसले होते. गोल जंक्शन बॉक्सच्या तोंडाचा मध्य स्लॅबपासून जितका खाली असतो, तितका साध्या सॅडलने स्लॅबला आवळलेल्या पाइपचा मध्य नसतो. मी पाइप सॅडलने घट्ट केला, मग बॉक्स त्यात बसवायला गेलो, तर बॉक्स एका बाजूने स्लॅबपासून सुटलेला. स्क्रू आवळून तो ओढला आणि पाइप बॉक्सच्या तोंडाशी कायमचा तिरका झाला. पाच वर्षे मी तो कोपरा पाहण्याचे टाळत आलो आहे.

यावर दोन उपाय आहेत. एक म्हणजे पाइपला स्लॅबपासून थोडे अंतर ठेवून धरणारी उंच सॅडल सगळीकडे वापरणे. यात पाइप बॉक्सात सरळ जातो, वाकवावे लागत नाही आणि पाइपच्या मागे फट राहिल्याने ओल व धूळ धरत नाही. दुसरा म्हणजे बॉक्सच्या अलीकडे पाइपला ऑफसेट, म्हणजे उलटसुलट दोन हलकी वळणे देणे. ऑफसेटचा हिशेब सोपा आहे. ३० अंशांची वळणे घेतली तर दोन वळणांतले अंतर उंचीच्या फरकाच्या दुप्पट ठेवायचे, आणि १० अंशांची घेतली तर सुमारे पावणेसहा पट. फरक १२ मिलिमीटरचा असेल तर ३० अंशांत दोन वळणांमध्ये जेमतेम २४ मिलिमीटर मिळतात, आणि तेवढ्यात २० मिलिमीटरचा पाइप चेपल्याशिवाय वाकत नाही. १० अंशांत तेच अंतर जवळपास ७० मिलिमीटर होते आणि हात नीट चालतो. पाच बॉक्सांच्या दहा तोंडांशी दहा एकसारखे ऑफसेट काढणे मात्र सरावाचे काम आहे. सहावा चांगला येतो आणि मग पहिले पाच पुन्हा करावेसे वाटतात.

शेजारून दोन पाइप नेणार असाल तर आणखी एक सापळा आहे. दोन्ही पाइप एकाच बेंडरवर काटकोनात वाकवले की त्यांची त्रिज्या सारखी येते आणि सरळ भागात दोघांत ४० मिलिमीटर अंतर असले तर वळणाच्या मधोमध ते सुमारे ५७ होते. वळण उगाच फाकल्यासारखे दिसते. बाहेरच्या पाइपची त्रिज्या आतल्यापेक्षा बरोबर ४० मिलिमीटरने मोठी लागते आणि ती थोड्या थोड्या अंतरावर लहान लहान दाब देत काढावी लागते. हे जमणार नसेल तर वळणावर बॉक्स टाकणे हाच प्रामाणिक मार्ग.

गंजलेला_खिळा

पाइप कोणता घेणार, काळा की जस्ताचा मुलामा दिलेला? काळा दिसायला छान असतो, पण कापलेल्या टोकाला आणि पाडलेल्या आट्यांना उघडे लोखंड राहते आणि दमट खोलीत गंजाचा तांबूस ओघळ तिथूनच सुरू होतो. जस्ताच्या पाइपलाही कापलेल्या जागी जस्तयुक्त रंगाचा हात लागतोच.

जस्ताच्या पाइपला रंग देणार असाल तर तो साधा ऑइलपेंट थेट देऊ नका. तेलाधारित रंगाची जस्ताशी प्रक्रिया होऊन रंगाखाली साबणासारखा थर तयार होतो आणि काही महिन्यांनी रंग सालपटासारखा सुटतो. आमच्या गॅलरीतल्या पाइपवरून तो अखंड पट्टीत निघाला होता, नखाने ओढला आणि वीतभर लांब आला. आधी पाइप पुसून तेलकटपणा काढावा, बारीक सँडपेपर फिरवावा, मग जस्तासाठीचा प्रायमर आणि त्यावर पाण्यात मिसळणारा ॲक्रिलिक रंग द्यावा.

चेकनट

रंगाच्या मुद्द्याला माझी एक पुरवणी. पाइप आधी रंगवून मग जोडला, तर आट्यांवर आणि बॉक्सच्या तोंडावर बसलेला रंग अर्थिंगची सलगता तोडतो. बाहेरून सगळे घट्ट, एकसंध दिसते आणि आत प्रत्येक जोडाला रंगाचा पडदा. म्हणून आधी जोडणी, मग तपासणी, मग रंग असा क्रम ठेवावा. किंवा आधीच रंगवायचे असेल तर आटे चिकटपट्टीने झाकून ठेवावेत.

आणि तपासणी नुसत्या मल्टिमीटरने झाली असे समजू नये. मल्टिमीटर अगदी क्षीण प्रवाह सोडून रोध मोजतो. एखाद्या आट्याचा केसाएवढा भाग टेकलेला असला तरी तो अर्धा ओम दाखवील, आणि खऱ्या दोषाच्या वेळी साठ अँपिअर जाऊ लागताच तो केसाएवढा भाग जळून वाट तुटेल. याच कारणाने केवळ पाइपच्या भरवशावर न राहता मी प्रत्येक वेळी आतून हिरवी अर्थ वायर वेगळी ओढतो आणि ती प्रत्येक बॉक्सच्या अर्थ स्क्रूला जोडतो. काही जुने कारागीर याला दुहेरी खर्च म्हणतात. माझ्या मते तो वादाचा विषयच नाही.

छताकडे_डोळे

एका पाइपमधून किती वायरी जाऊ शकतील? दिवे दोन गटांत, दोन स्विचांवर हवे आहेत आणि एक गट दरवाजाजवळून व खिडकीजवळून असा दोन्हीकडून चालू-बंद व्हावा अशी इच्छा आहे.

चेकनट

पाइपच्या आतल्या क्षेत्रफळाच्या ४० टक्क्यांपर्यंतच वायरींनी भरावा, असा सर्वमान्य संकेत आहे. २० मिलिमीटरच्या पाइपचा आतला व्यास १६.८ धरला तर क्षेत्रफळ सुमारे २२० चौरस मिलिमीटर आणि त्याचे ४० टक्के ८८. १.५ चौरस मिलिमीटरची वायर आवरणासह सुमारे ३ मिलिमीटर जाड असते, म्हणजे तिला ७ चौरस मिलिमीटर जागा लागते. हिशेबाने बारा वायरी बसतात. दोन काटकोनी वळणे आली की मी सहा-सातच्या पुढे जात नाही. तुमच्या कामात दोन स्विच-वायरी, एक न्यूट्रल, एक अर्थ आणि टू-वेच्या, म्हणजे दोन्हीकडून चालू-बंद होणाऱ्या गटाच्या, दोन अशा जास्तीत जास्त सहा एका तुकड्यात येतील. प्रवाहाची तर चिंताच नको. दहा वॅटचे पाच एलईडी मिळून पाव अँपिअरही घेत नाहीत.

टू-वेबाबत मात्र एक आग्रह आहे. एका सर्किटची फेज आणि न्यूट्रल एकाच पाइपमधून गेली पाहिजेत. अंतर वाचवण्यासाठी खिडकीकडच्या दुसऱ्या सर्किटचा न्यूट्रल उसना घेण्याची खोड सर्रास दिसते. तसे केले की लोखंडी पाइपमधल्या जाणाऱ्या-येणाऱ्या प्रवाहांची बेरीज शून्य राहत नाही, आणि दोन्ही सर्किटांना वेगळे आरसीसीबी असले तर ते विनाकारण पडू लागतात. आणि त्याहून वाईट म्हणजे एका सर्किटचा एमसीबी पाडून काम करणाऱ्याच्या हातात दुसऱ्या सर्किटचा जिवंत न्यूट्रल येतो. वायरमनला हे आधीच सांगा, आणि शक्य असेल तर लिहून द्या.

वाकडी_नळी

स्लॅबला भोके पाडण्यापूर्वी जुन्या दिव्याचा आणि पंख्याचा पाइप स्लॅबच्या आत कुठून गेला आहे ते वायर-शोधकाने पाहून खुणा करून घ्या. आणि इमारतीचा स्लॅब ताणलेल्या केबलींचा, म्हणजे पोस्ट-टेन्शन्ड असेल, तर आराखडा पाहिल्याशिवाय एकही भोक पाडू नका. पंखाही या नव्या बॉक्सांना लटकवण्याचा मोह टाळा. तो त्याच्या मूळ हुकालाच राहू द्या.

छताकडे_डोळे

काम झाले म्हणून कळवतो. उंच सॅडल वापरल्या, त्यामुळे ऑफसेट काढावेच लागले नाहीत. मुख्य रेघ खोलीच्या मध्यापासून ६० सेंटिमीटर खिडकीकडे घेतली, कारण पंख्याच्या पात्यांची फडफडती छाया दिव्यांतून येऊ नये असे वायरमनने सुचवले आणि ते इथे कोणाच्याच लक्षात आले नव्हते. वायरमनने प्रत्येक तुकडा कापल्यावर आत बोट फिरवून कोर तपासली. दोनदा बोट कापले, पण वायर सोलली नाही. शेवटच्या बॉक्सपासून बोर्डाच्या अर्थपट्टीपर्यंतची सलगता त्यांनी मल्टिमीटरने न मोजता जास्त प्रवाह सोडणाऱ्या टेस्टरने मोजली आणि हिरवी वायर सोडवून, नुसत्या पाइपची, ०.३ ओम आली. वायर जोडल्यावर अर्थातच आणखी खाली गेली.

पीव्हीसी_पक्ष यांना सांगायचे म्हणजे स्वयंपाकघरासाठी आपले म्हणणे मान्य केले आहे. तिथे फक्त एक सरळ तुकडा असल्यामुळे पीव्हीसीच घेणार. बैठकीतला पाइप अजून रंगवलेला नाही. जस्ताचा राखाडी रंग दोन दिवस पाहिल्यावर तो तसाच ठेवावा असे घरात दोघांचे मत पडले आहे आणि तिघांचे उलट. चौथ्या बॉक्सला मुद्दाम एक तोंड जास्तीचे घेऊन बुचाने बंद केले आहे, कारण पुस्तकांच्या कपाटावर दिवा हवा की नको हे आमचे अजून ठरलेले नाही.